सहा नंबरचा ट्रे

चूक कळली ती रिकामी बाटली धुताना.

बाटली म्हणजे खोकल्याच्या औषधाची असते तेवढीच, निळ्या झाकणाची. आमच्या विभागात दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं काचेच्या पेट्यांमध्ये असतात, आणि त्यांच्या आया शेजारच्या खोलीत बसून दूध काढून या बाटल्यांत भरून देतात. बाटलीवर कागदी चिकटपट्टी. पट्टीवर ठसठशीत आकड्यात पेटीचा नंबर, आणि खाली बारीक अक्षरात आईचं नाव, तारीख, वेळ. आम्ही नंबर वाचतो. खाली नाव असतं हे माहीत असतं, पण रोज येता-जाता दिसणाऱ्या शेजारच्या दारावरची पाटी जशी कुणी वाचत नाही, तसं ते.

नळाखाली पट्टी भिजली, सुटली आणि माझ्या बोटाला चिकटून बसली. झटकायला बोट वर धरलं तेव्हा नाव दिसलं. सकाळी सात वाजता जिचं बाळ गेलं होतं, तिचं नाव.

आणि त्या बाटलीतलं दूध गेलं होतं पैलवानाच्या पोटात. वीस मिली. अकराच्या फीडला. देणारी मीच.

पैलवान म्हणजे एक किलो चारशे ग्रॅम. आला तेव्हा किलोभरही नव्हता, आणि मूठ मात्र अशी वळलेली की आत्ता कुणाला तरी देईल ठेवून. म्हणून पैलवान. आमच्याकडे बाळांची नावं ठेवायला आईवडलांना सवड आणि धीर दोन्ही नसतात, म्हणून ती आम्हीच ठेवतो. सहा नंबरच्या पेटीत होत्या त्या बाईसाहेब. सातशे ग्रॅमच्या. अंगाला हात लावला की कपाळावर आठी. सुई टोचताना रडायच्या नाहीत, नुसत्या नापसंतीने बघायच्या. सतरा दिवस आमच्यावर हुकूमत गाजवली आणि त्या सकाळी गेल्या.

बाळ गेलं की तासाभरात फ्रिजमधला त्याचा ट्रे रिकामा करायचा, हा आमचा नियम. त्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. सहा नंबरच्या ट्रेत चार बाटल्या होत्या. पहिलीचं झाकण उघडून मी ती सिंकवर धरली आणि तशीच उभी राहिले.

माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. दुपारी दीड वाजता मी चादरींच्या कोठीत स्टुलावर बसते, दाराला कडी नाही म्हणून एक पाय दाराला लावते, आणि त्याच्यासाठी दूध काढते. वीस मिलीला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. मन ठिकाणावर नसलं तर किती लागतो तेही. मला ते सिंकमध्ये ओतवेना. झाकण लावलं, बाटली परत ट्रेत ठेवली. म्हटलं, जेवणानंतर बघू.

साडेनऊला पैलवानाच्या, म्हणजे चार नंबरच्या, पेटीचा हीटर कुरकुरायला लागला. सहा नंबरची पेटी पुसून, कोरडी करून तयार होती. मीच त्याला उचलून तिच्यात ठेवलं. त्याच्या दुधाचा ट्रे मात्र चार नंबरच्याच कप्प्यात राहिला. अकराला पेटीवर सहा, ट्रेवर सहा, बाटलीवर सहा. तीन ठिकाणी जुळलं. याहून जास्त काळजी आम्ही घेत नाही.

ओली पट्टी बोटावर घेऊनच मी बाईंकडे गेले. बाई म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टर. सव्वीस वर्षं याच विभागात. मला बाळ धरायला त्यांनी शिकवलं. माझं स्वतःचं झालं तेव्हाही पहिल्या आंघोळीला त्याच आल्या होत्या. त्यांनी पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि डॉक्टरांना औषधांच्या खोलीत बोलावून दार लोटलं.

डॉक्टरांनी बाईसाहेबांच्या आईची फाइल चाळली. "पाचव्या महिन्यातले सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत. गोळी फक्त रक्तदाबाची, ती बाळाला चालते. काही होणार नाही. जवळजवळ काहीच नाही."

"जवळजवळ?" मी म्हटलं.

"दुधातून संसर्ग गेला नाही हे पक्कं हवं असेल तर त्या आईचं रक्त आज पुन्हा तपासायला हवं." त्यांनी फाइल मिटली. "मागायला तुम्ही जाणार आहात, सिस्टर? आज? सकाळी सातला जिला आपण सांगितलं की बाळ गेलं, तिला म्हणणार, जरा हात पुढे करा, आमची एक चूक झालीय?"

मी बोटावरच्या ओल्या पट्टीकडे बघितलं.

"आणि पैलवानाच्या आईला सांगून काय साधणार?" बाई म्हणाल्या. "रजिस्टरमध्ये लिही. वरच्यांना कळव. पण तोंडाने बोलू नकोस."

"म्हणजे लपवायचं."

"लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं."

"कसं, बाई?"

"अगं, अकरा दिवस ती बाई कोरडी होती. दूध काढायच्या पंपावर बसून बसून रडायची. आत्ता कुठे दूध उतरलंय. हे ऐकून आटलं तर पैलवान काय पिणार? तुझी खरं बोलायची हौस?"

बाईंचं हे असंच. शब्द टोकदार, हात ऊबदार. आणि त्या चुकीचं बोलत नव्हत्या. दूध धक्क्याने आटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरही दुष्ट नव्हते. ज्या बाईवर आभाळ कोसळलंय तिच्याकडे आज रक्त मागू नये असं त्यांना वाटलं, यात वाईट काय? दोघांनी माझ्या नोकरीचा उल्लेखसुद्धा केला नाही, पण तीही त्या खोलीत उभीच होती. "बरं," मी म्हटलं, आणि मला हायसं वाटलं. अगदी अंगभर हायसं. नंतर मला खटकत राहिलं ते हेच.

शिकत असताना आम्हाला एक सर होते. ते फळ्यावर चार ओळी लिहायचे. रुग्णाचं भलं करा. त्याला अपाय करू नका. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या. सगळ्यांना सारखा न्याय द्या. परीक्षेत मी त्या अशा घोकून लिहिल्या की दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क कापला होता, कारण उदाहरण दिलं नव्हतं. सर म्हणायचे, या चार ओळी फळ्यावर शेजारी शेजारी सुखाने नांदतात, वॉर्डात एकमेकींच्या झिंज्या धरतात. आम्ही हसायचो. त्या दुपारी पैलवानाच्या पेटीशी उभी राहून मी त्याचा श्वास मोजत होते आणि त्या चौघी माझ्या डोक्यात अगदी तेच करत होत्या. पैलवान मात्र मूठ वळून शांत झोपला होता. पोट मऊ, रंग गुलाबी. काही म्हणजे काही झालं नव्हतं त्याला.

दीडला कोठीत बसले तर एक थेंब येईना. घरी फोन लावला.

"झोपलाय," सासूबाई म्हणाल्या. "अर्धी बाटली प्यायला, अर्धी माझ्या अंगावर उडवली. तुझा आवाज का असा येतोय ग?"

"काही नाही, आई. कोठीत आहे म्हणून."

"कोठीत आवाज घुमतो. बसत नाही."

मी फोन ठेवला आणि सहज मनात आलं, की आईंनी आज चुकून कुणाचं तरी दूध याला पाजलं असतं आणि मला सांगितलं नसतं तर? बाळाला काही झालं नाही, हे मला पटलं असतं. पण मग ते कळल्यावर आईंनी पुढे जे जे सांगितलं असतं, खाल्लं का, झोपला का, पडला का, त्यातलं काहीच मला पटलं नसतं. अर्धी बाटली अंगावर उडवल्याचंसुद्धा.

कोठीतून बाहेर आले तर विभागाच्या दाराशी बाईसाहेबांची आई उभी होती. नवऱ्याने दंडाला धरलेलं. पायात घरच्या चपला, खांद्यावर पिशवी. तिला घरी सोडलं होतं. बाई जेवायला गेल्या होत्या, दुसरी सिस्टर फीडच्या तयारीत. दाराशी मीच.

"माझ्या बाटल्या द्या," ती म्हणाली.

"ऐक ना," नवरा हळूच म्हणाला. "काय करणार आपण त्यांचं? राहू दे इथेच."

"ते मला ठरवू दे. बाकी सगळं तुम्हीच ठरवलंत. बाळाला कोणी उचलायचं, कधी न्यायचं, मी बघायचं की नाही. बाटल्या माझ्या आहेत."

मी फ्रिजपाशी गेले. ट्रे उचलला. तीन बाटल्या. ट्रेसकट आणून तिच्यापुढे धरल्या. तिने मोजल्या नाहीत, नुसतं बघितलं.

"चार होत्या. पहाटेची कुठंय? तिच्यात वीस भरले होते. पहिल्यांदाच वीस."

सांडली. हा शब्द जिभेवर तयार होता. इतका छोटा, इतका स्वच्छ. फ्रिज उघडताना हातातून सुटली, माफ करा. तिने मान डोलावली असती. त्या दिवशी ती कशालाही मान डोलावत होती. आणि दयेपोटी बोलले असं मी स्वतःला जन्मभर सांगू शकले असते. पण सांडली म्हटलं असतं तर तिचं ते पहिलं वीस मिली मी खरोखरच सांडलं असतं.

"ती मी चुकून दुसऱ्या बाळाला दिली," मी म्हटलं.

नवऱ्याची पकड तिच्या दंडावर घट्ट झालेली मला दिसली. "दिली म्हणजे?"

"सकाळीच ट्रे रिकामा करायचा होता. मी केला नाही. नंतर त्या पेटीत दुसरं बाळ आलं, आणि मी नाव न वाचता बाटली घेतली."

"टाकून द्यायचं होतं ना ते?" तो म्हणाला. "मग का नाही टाकलंत?"

"मला टाकवलं नाही."

ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्या चेहऱ्याकडे नाही, कुठेतरी माझ्या हातांकडे.

"कोणाच्या बाळाला?"

"ते मला नाही सांगता येणार, ताई."

"सगळं प्यायलं?"

"नळीने दिलं. राहिलं पोटात."

"आमच्या हिला तीनच्या वर कधी गेलं नाही," ती म्हणाली. आवाज सरळ, जणू कुणी पत्ता विचारलाय आणि ती सांगतेय. "तीन, नाहीतर अडीच."

मला वाटलं होतं, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडलं असं तिला वाटेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटायला हवं होतं. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

आता उरलेलंही बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "अजून एक विचारायचंय. नाही म्हणालात तरी चालेल, कोणी काही बोलणार नाही. त्या बाळासाठी तुमचं रक्त पुन्हा तपासलं तर आमची खात्री होईल."

"पुरे आता," नवरा म्हणाला. "चल."

ती हलली नाही. "त्या बाळाच्या आईला माहीत आहे?"

"नाही."

"का?"

उत्तराची वाट तिने बघितली नाही.

"आधी तिला सांगा. ती हो म्हणाली तर माझं रक्त घ्या. तिला न विचारता तिच्या बाळाच्या नावावर माझी सुई नको." आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तीन बाटल्या मांडीवर, एकावर एक नाही, शेजारी शेजारी.

बाई जेवून आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काचेतून बाकाकडे बघितलं. "केलंस ते केलंस," त्या म्हणाल्या. "आता पैलवानाची आई आली की मी बोलते."

"नको. दूध मी दिलं होतं."

"फार शहाणी आहेस." पण त्या बाजूला झाल्या.

पैलवानाची आई दोनला आली. नेहमीसारखी, हातरुमालात गुंडाळलेली बाटली छातीशी धरून, बाळच धरलंय अशी. "सिस्टर, बघा. पस्तीस. सांगा तुमच्या पैलवानाला, खुराक वाढलाय, आता आखाड्यात उतर म्हणावं."

मी तिला पेटीपाशी नेलं, आधी बाळ दाखवलं. श्वास, रंग, पोट, सगळं दाखवलं. मग सांगितलं. नंबर, पेटी, पट्टी, वीस मिली. कोणाचं होतं ते सांगितलं नाही. माझ्या अपेक्षेपेक्षा मी कमी अडखळले, आणि त्याचाही मला राग आला.

ती हातातल्या रुमालाकडे बघत राहिली. "पण मी खालीच होते. जिन्याखाली. एक हाक मारली असती तर आले असते. माझं होतं ना काढलेलं, चार नंबरमध्ये?"

"होतं."

"मग?"

"मी बघितलं नाही."

पैलवानाने आळस दिला, मूठ काचेला टेकली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"साडेअकराला."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आता दोन वाजून गेले."

"हो."

"मग इतका वेळ काय करत होतात?"

विचार करत होते, असं म्हणता आलं असतं. तिच्या बाळाबद्दल, तिच्या दुधाबद्दल, तिच्या मनाबद्दल आम्ही तिघं मिळून विचार करत होतो, ती सोडून. "सांगावं की नाही ते ठरवत होते," मी म्हटलं.

"असं." ती खुर्चीवर बसली. "सहा नंबरचं होतं ना? नका सांगू. मला माहीत आहे. आम्ही शेजारी बसायचो पंपावर. माझं येत नव्हतं तेव्हा तीच म्हणायची, रडू नकोस, माझं घे, माझी राणी काही पीत नाही. थट्टेत नाही, खरंच म्हणायची." तिने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मी नको म्हटलं होतं. मला माझंच पाजायचं होतं. अकरा दिवस मी नको म्हटलं, सिस्टर."

एवढं मात्र माझ्या हिशेबातच नव्हतं. आम्हाला वाटत होतं, तिला माहीत नाही तोवर तिचं काही गेलेलं नाही. आणि तिने एक गोष्ट विचार करून, रडून, अकरा दिवस निभावली होती, ती मी एका मिनिटात नळीतून ओतून संपवली होती.

रक्ताचं विचारलं. ती "घ्या" म्हणाली. मग म्हणाली, "ती बाहेर बसलीय, मी येताना पाहिलं. मला वाटलं कागदपत्रांसाठी थांबली असेल. मी नुसती मान हलवून पुढे आले. काय बोलायचं म्हणून." तिने डोळे पुसले नाहीत, रुमाल बाटलीला होता.

बाकावरच्या बाईचं रक्त मीच घेतलं. शीर पहिल्या प्रयत्नात मिळाली. "सांगितलंत?" तिने विचारलं. "सांगितलं," मी म्हटलं. तिने बाही खाली केली, बाटल्या पिशवीत एकेक करून ठेवल्या आणि नवऱ्याबरोबर जिना उतरून गेली. दोघींची भेट झाली नाही. पैलवानाची आई काचेच्या आत होती, ही बाहेर. दोघींनाही दुसरी कुठे आहे ते ठाऊक होतं. मी काही केलं नाही. ते ठरवायचं काम माझं नव्हतं, असं मला वाटलं. त्याचीही आता खात्री नाही.

संध्याकाळी रजिस्टर भरलं. तारीख, वेळ, काय झालं, आणि शेवटचा रकाना, कारण. तिथे मी लिहिलं: दूध टाकवलं नाही. बाईंनी चष्मा लावून वाचलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: दुर्लक्ष.

"बाई, दुर्लक्ष नव्हतं ते."

"माहीत आहे ग मला," त्या म्हणाल्या. "पण त्या रकान्यात तुझं वाक्य बसत नाही." थोड्या वेळाने, रजिस्टर मिटता मिटता: "मलाही टाकवत नाही. म्हणून तर ते काम तुला सांगितलं."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. स्वच्छ. मी पैलवानाच्या आईला सांगायला गेले, तर बाईंनी आधीच सांगितलं होतं. तिने बाईंकडे दुसरी सिस्टर मागून घेतली होती. मला दोन नंबर मिळाला, तीन दिवसांची एक मुलगी, अजून बिननावाची. माझ्याही मनात तिचं काही नाव येईना.

पैलवानाच्या आईचं दूध आटलं नाही, पण कमी झालं. पस्तीसचं वीस, मग बावीस. बाईंनी एकदाही ते मला बोलून दाखवलं नाही. आता ती बाटलीवर नंबर लिहीत नाही. जाड मार्करने स्वतःचं पूर्ण नाव लिहिते, झाकणावर, अंगावर आणि बुडाशी. फीडच्या वेळी पेटीपाशी उभी राहते आणि माझ्या जागी आलेल्या सिस्टरला, माझ्या मैत्रिणीला, म्हणते, "वाचा." मैत्रीण वाचते. "मोठ्याने." मैत्रीण पुन्हा वाचते.

दर दोन तासांनी आमच्या विभागात असं एका बाईचं नाव ऐकू येतं. परवा मी दोन नंबरची बाटली हातात घेतली, पट्टी डोळ्यांजवळ आणली आणि बारीक अक्षरातलं नाव मोठ्याने वाचलं. पलीकडे पैलवानाच्या आईने ते ऐकलं असणार. तिने वळून बघितलं नाही. मी पुन्हा एकदा वाचलं आणि मग झाकण उघडलं.